मुलीची बाहुली दुखतेय? : एका स्पॅनिश शब्दाची उकल

माझी मावसबहीण माद्रिदला राहते. तिची लेक तिथल्या शाळेत पहिलीत आहे. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी शाळेतून तिच्या मोबाइलवर निरोप आला. बहिणीचं स्पॅनिश तेव्हा जेमतेम भाजी घेण्यापुरतं होतं, म्हणून तिने निरोप उचलून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला. मराठी आलं ते असं : 'मुलगी पडली आहे आणि तिची बाहुली दुखत आहे.'

तिला काही समजेना. लेकीने बाहुली शाळेत नेलीच नव्हती, आणि नेली असती तरी बाहुली दुखणार कशी? मी पुण्यात काही वर्षं स्पॅनिश शिकले होते हे आठवून तिने तो निरोप मला पाठवला. मूळ वाक्य होतं, 'ला निन्या से आ काइदो, इ ले दुएले ला मुन्येका.' मी लगेच कळवलं : बाहुली नाही गं, मनगट. पोरीचं मनगट दुखतंय, तू निघ.

मुन्येका या एका शब्दाचे स्पॅनिशमध्ये दोन अर्थ आहेत, मनगट आणि बाहुली. दोन्ही रोजच्या तोंडातले. त्यातला एकही जुना, पुस्तकी किंवा एखाद्या खेड्यापुरता नाही. डॉक्टर पेशंटची मुन्येका तपासतात आणि आजी नातीसाठी मुन्येका आणते. स्पॅनिश शिकणारा प्रत्येक जण इथे एकदा अडखळतो. हातातला एक सांधा आणि मुलींचं खेळणं यांचा संबंध काय, हे मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही. मला ते शोधावंसं वाटलं, आणि शोधता शोधता मी आपल्या मराठीपाशीच येऊन पोचले.

एकच शब्द की दोन?

आधी एक फरक समजून घेऊ. ऐकायला सारखा असणारा शब्द दोन तऱ्हांनी दोन अर्थांचा होतो.

पहिली तऱ्हा म्हणजे दोन वेगळ्या घरांतले दोन शब्द फिरत फिरत एकाच रूपाला येऊन ठेपले. यांना समरूप शब्द म्हणू. मराठीत याची सुरेख उदाहरणं आहेत, आणि तीही शरीराशी जोडलेली. 'मान अवघडली' यातली मान संस्कृत 'मन्या'पासून आली, 'मान मिळाला' यातला मान संस्कृत 'मान'पासून. 'पाठ दुखतेय' यातली पाठ 'पृष्ठ' या शब्दाची नात आहे, 'दुसरा पाठ वाचा' यातला पाठ 'पठण' याच्या कुळातला. नाती नसताना चेहरे जुळले, एवढंच. मराठीने त्यांना लिंगाने वेगळं ठेवलं आहे : ती मान, तो मान, ती पाठ, तो पाठ. स्पॅनिशही काही ठिकाणी असं करते. 'ला फ्रेन्ते' म्हणजे कपाळ, तर 'एल फ्रेन्ते' म्हणजे पुढची बाजू किंवा युद्धाची आघाडी. शब्द तोच, पण आधीचं 'ला' किंवा 'एल' ऐकलं की अर्थ ठरतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे एकाच शब्दाला अर्थांच्या फांद्या फुटल्या. यांना अनेकार्थी शब्द म्हणू. आपली 'वाटी' आमटीची असते तशी गुडघ्याचीही असते. ती दुसऱ्या घरून आलेली नाही. गुडघ्यावरचं ते वाटोळं हाड पाहून कुणीतरी ओळखीचा शब्द तिथे नेऊन बसवला.

मुन्येका दुसऱ्या तऱ्हेचा शब्द आहे. स्पेनची भाषा अकादमी १७१३ साली स्थापन झाली आणि आजही तिचा शब्दकोश प्रमाण मानला जातो. त्यात मुन्येका ही एकच नोंद आहे, तिच्याखाली मनगटही येतं आणि बाहुलीही. दोन्ही अर्थी शब्द स्त्रीलिंगीच, त्यामुळे मान-पाठीसारखी लिंगाची मदत इथे मिळत नाही. धिप्पाड पैलवानाचं मनगटसुद्धा 'ला मुन्येका'च.

पण फांद्या एकाच झाडाच्या असतील, तर खोड कुठे आहे?

दगड, उंचवटा, पुरचुंडी

तुमचा हात उपडा धरून बघा. मनगटावर करंगळीच्या बाजूला हाडाचा एक टेंगळासारखा उंचवटा दिसेल. कोपरापासून येणाऱ्या दोन हाडांपैकी एकाचं ते टोक आहे. बारीक माणसाच्या हातावर तो लांबूनही दिसतो. ही गोष्ट तिथून सुरू होते.

स्पॅनिश शब्दांच्या मुळांचा ज्यांनी सर्वात खोलवर शोध घेतला ते कॅटलन अभ्यासक जुआन कोरोमिनास यांच्या मते मुन्येका हा शब्द लॅटिनपेक्षा जुना आहे. रोमन लोक इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, येण्याआधी तिथे ज्या भाषा बोलल्या जात त्यांच्यातला तो अवशेष. त्याचा मुळातला अर्थ जमिनीतून वर आलेला सीमेचा दगड, आणि त्यावरून कुठलाही उंचवटा किंवा गाठोडं. हा सीमेच्या दगडाचा अर्थ शब्दकोशात अजून आहे, जरी बोलण्यातून तो जवळजवळ गेला असला तरी. स्पॅनिशमध्ये डोक्यावरच्या अंबाड्याला 'मोन्यो' म्हणतात, तोही शब्द याच कुळातला मानला जातो. अंबाडाही शेवटी एक गोळाच.

उंचवट्यावरून मनगट, हा प्रवास डोळ्यांना दिसतो. बाहुलीकडे जाणारी वाट मात्र मधे एका वस्तूवरून जाते, आणि ती वस्तू आपल्या घरात आहे.

मुन्येकाचा तिसराही अर्थ शब्दकोशात आहे : कापडाची पुरचुंडी. काढा उकळताना मसाला पाण्यात पसरू नये म्हणून तो फडक्यात बांधून सोडतात, ती पुरचुंडी. आजाऱ्याचे ओठ ओले करायला पाण्यात बुडवलेला कापडाचा बोळा, तोही. आणि लाकडावर लाखेचं पॉलिश चढवताना कारागीर जो बोळा वापरतो, आत कापूस किंवा लोकर आणि वर सुती कापड घट्ट आवळलेलं, तो तर आजही स्पेनच्या सुतारकामात याच नावाने किंवा त्याच्या 'मुन्येकिया' या लहानग्या रूपाने ओळखला जातो. आपल्याकडे जुन्या कपाटाला पॉलिश करायला येणारा माणूस असाच बोळा हातात घेऊन गोल गोल फिरवत बसलेला तुम्ही पाहिला असेल.

आता पुरचुंडी बांधा. फडक्याच्या मधोमध कापूस ठेवा, कडा गोळा करा, गोळ्याच्या खाली दोरा आवळा. वर गोल गठ्ठा झाला, खाली कापडाच्या चुण्या लोंबत राहिल्या. वरच्या गोळ्यावर काजळाने दोन डोळे काढा. बाहुली झाली! गोळा हे डोकं, दोरा ही मान, चुण्या हा परकर. चिंध्यांची बाहुली शिवणाऱ्या आजीला व्युत्पत्तीचं पुस्तक लागणार नाही, तिच्या हातांना हे आधीच ठाऊक असतं. खेळण्याला पुरचुंडीचं नाव पडलं, आणि पुढे ती बाहुली लाकडाची, चिनी मातीची, प्लास्टिकची झाली तरी नाव राहिलं.

स्पेनमधल्या आलिकांते प्रांतातलं ओनिल हे गाव बाहुल्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन कंपनी काढली, तिचं नाव 'फामोसा'. ओनिलच्या मुन्येका बनवणाऱ्या एकत्रित कारखान्यांचं हे संक्षिप्त नाव आहे, त्यातला 'म' मुन्येकांचा. आणि फामोसा या शब्दाचा स्वतःचा अर्थ 'प्रसिद्ध'. गावात मुन्येकांचं संग्रहालयही आहे.

ही ओढूनताणून जुळवलेली गोष्ट नाही कशावरून?

ही शंका रास्त आहे. व्युत्पत्तीच्या नावाखाली काहीही जुळवता येतं, आणि समाजमाध्यमांवर तसं रोज चाललेलं असतं. रोमनपूर्व शब्दाचं मूळ रूप कुठल्या शिलालेखात कोरलेलं सापडलेलं नाही, ते अभ्यासकांनी मागे मागे जात बांधलेलं आहे. तेव्हा खोडाचा अगदी बुंधा 'बहुधा असा' असं म्हणूनच पाहायला हवा.

फांद्यांचं मात्र तसं नाही. उंचवटा आणि बाहुली यांना जोडणारी पुरचुंडी कल्पनेतून आणावी लागत नाही, ती भाषेत जिवंत आहे. दुसरा पुरावा शेजारच्या घरातला. पोर्तुगीजमध्ये याच मुळाचा 'बोनेका' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बाहुली, आणि तिथल्या सुतारांच्या तोंडी पॉलिशचा बोळासुद्धा! मनगट मात्र नाही. मनगटाला पोर्तुगीज माणूस 'पुल्सो' किंवा 'पुन्यो' म्हणतो. एका बहिणीने तिन्ही दागिने ठेवले, दुसरीने दोन. बोळा आणि बाहुली दोन्ही घरांत जोडीने नांदतात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

त्यांचा स्वतःचा गोंधळ होत नाही का?

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. त्यांना कुणी मनगटाऐवजी बाहुली दवाखान्यात नेताना दिसत नाही. कारण शब्द एकटा येत नाही, वाक्य घेऊन येतो, आणि स्पॅनिश वाक्याची घडण इथे बारीक खुणा करून ठेवते.

एक खूण म्हणजे 'से' हे एवढंसं अक्षर. 'ला निन्या रोम्पियो ला मुन्येका' म्हणजे मुलीने बाहुली मोडली. 'ला निन्या से रोम्पियो ला मुन्येका' म्हणजे मुलीचं मनगट मोडलं. 'से' आलं की क्रिया करणाऱ्याकडे उलटून येते. मराठीत हे काम 'घेणे' करतं. 'तिने हात मोडला' आणि 'तिने हात मोडून घेतला' यांत जे अंतर आहे, साधारण तेच.

दुसरी खूण मालकी सांगण्याच्या पद्धतीत आहे. आपण 'मी हात धुतले' म्हणतो, 'मी माझे हात धुतले' म्हणायची गरज पडत नाही, कारण हात कुणाचे हे उघड आहे. स्पॅनिशही शरीराच्या अवयवाला 'माझं' लावायचं टाळते, म्हणून 'माझी मुन्येका' असं सरळ म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन बाहुलीकडे झुकतं. दुखणं सांगायची रीत तर मराठी माणसाला घरची वाटेल. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', 'मे दुएले' म्हणजे 'मला दुखतं'. आवडणारी किंवा दुखणारी गोष्ट कर्ता, आणि माणूस 'मला'च्या रूपात कडेला उभा. शाळेच्या निरोपातलं 'ले दुएले' म्हणजे 'तिला दुखतंय'. इंग्रजीमार्गे स्पॅनिश शिकणारा या रचनेशी महिनाभर झगडतो. मराठीतून थेट शिकणाऱ्याला ती आपोआप येते, फक्त तसं कुणीतरी सांगायला हवं.

अर्थात काही वाक्यं खरोखरच दोन्हीकडे जातात. 'आ ला निन्या से ले रोम्पियो ला मुन्येका' यात मुलीची मुन्येका तुटली एवढंच कळतं. कोणती, ते आधीच्या बोलण्यावरून किंवा पोरीच्या रडण्यावरून ठरवायचं.

डोक्यात नेमकं काय घडतं यावर १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने एक गाजलेला प्रयोग केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि चोरून ऐकायचं यंत्रही. लोकांना असा दोन अर्थांचा शब्द असलेली वाक्यं ऐकवली, आणि त्याच क्षणी पडद्यावर दुसरा शब्द दाखवून तो ते किती झटकन ओळखतात ते मोजलं. वाक्यात किड्यांचीच चर्चा असली तरी शब्द कानावर पडताक्षणी दोन्ही अर्थ जागे झालेले दिसले. तीनेक अक्षरं उच्चारायला लागतील एवढ्या वेळात नको असलेला अर्थ विझला आणि वाक्याला जुळणारा तेवढा उरला. म्हणजे आपला मेंदू दोन्ही दारं क्षणभर उघडतो, मग एक लावून घेतो. ते इतकं भर्रकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग यंत्र का चुकलं?

यंत्राला दोन्ही दारं उघडता येतात, पण कुठलं लावायचं हे ठरवायला जगाची ओळख लागते. १९६० मध्ये इस्रायली तत्त्वज्ञ यहोशुआ बार-हिलेल यांनी यंत्रभाषांतराबद्दल हाच आक्षेप घेतला होता. त्यांचं उदाहरण साधं होतं : खेळण्यांची पेटी 'पेन'मध्ये होती. इंग्रजीत पेन म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलांना खेळायला सोडतात तो कुंपणाचा चौकोन. पेटी लेखणीत मावत नाही हे माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला ते कोण सांगणार, असा त्यांचा प्रश्न.

आजची यंत्रं हा प्रश्न शब्दांच्या सोबतीवरून सोडवतात. अवाढव्य मजकूर वाचून ती शब्दांचा एक नकाशा बनवतात, ज्यांची सोबत सारखी ते शब्द नकाशात जवळजवळ. सुरुवातीच्या नकाशांत प्रत्येक शब्दाला एकच जागा असे. मग मुन्येका बसणार कुठे? दवाखान्याच्या गल्लीत की खेळण्यांच्या दुकानाजवळ? ती दोन्हींच्या मधे कुठेतरी लटकत राही. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जी रचना मांडली तिच्यात यंत्र वाक्यातल्या बाकीच्या सगळ्या शब्दांकडे एकदम बघतं आणि त्यांच्यानुसार शब्दाची जागा हलवतं. जवळ 'दुखणे', 'पडणे' दिसलं की मुन्येका दवाखान्याकडे सरकते. हल्लीच्या चांगल्या यंत्रणा हे वाक्य बरोबर लावतात.

तरी चूक होते, आणि मराठीच्या वाट्याला जास्त येते. स्पॅनिश आणि मराठी शेजारी शेजारी ठेवलेला मजकूर जगात फारच थोडा आहे. म्हणून कित्येक यंत्रणा मधे इंग्रजीचा थांबा घेतात, आणि पहिल्या टप्प्यावरची चूक दुसऱ्यात तशीच पुढे जाते. शिवाय घाईत टाइप करणारी माणसं 'न'वरची लहर गाळतात. स्पॅनिशमध्ये साध्या 'न'वर नागमोडी रेघ दिली की 'न्य' होतो, आणि ती रेघ किती मोलाची आहे ते 'अन्यो' या शब्दावरून कळावं. अन्यो म्हणजे वर्ष. रेघ गेली की उरतो 'आनो', म्हणजे गुदद्वार. वय सांगताना हे जपायलाच हवं.

दवाखान्याचे कागद तर आणखी नाजूक. लहान मुलांची हाडं कोवळी, ती ओल्या काटकीसारखी एका बाजूने चिरतात आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकतात. स्पॅनिश डॉक्टर अशा मोडण्याला 'हिरव्या देठाचं' फ्रॅक्चर म्हणतात. मनगटाजवळच्या ज्या हाडाला ते सर्वात जास्त होतं त्याचं स्पॅनिश नाव 'रादियो'. रादियो म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड, वर्तुळाची त्रिज्या, चाकाची आरी, आणि गाणी लावायचा रेडिओसुद्धा. असा रिपोर्ट ॲपमध्ये शब्द-शब्द टाकला तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. म्हणून परक्या देशात राहणाऱ्या आपल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : एकेक शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य द्या, आणि मराठीबरोबर इंग्रजी भाषांतरही काढून दोन्ही ताडून बघा. शंका आली तर उलट प्रश्न विचारा. बहिणीने त्या दिवशी शाळेला एकच प्रश्न पाठवला होता : कोणती मुन्येका, डावी की उजवी? उत्तर आलं, डावी. बाहुलीला डावी-उजवी नसते.

एवढा घोळ आहे, तर एक अर्थ सोडून का देत नाहीत?

कारण त्यांना तो घोळ वाटतच नाही. मनगट आणि बाहुली यांची गाठ एका वाक्यात क्वचित पडते. भाषा शब्द टाकते ते बोलताना खरोखर अडायला लागलं तर. पोर्तुगीजसारखी इतर बहिणींनीही वेगळी वाट घेतली. इटालियनमध्ये मनगट म्हणजे 'पोल्सो', जिथे नाडी लागते ती जागा. फ्रेंच 'प्वान्ये' हा शब्द मुठीवरून आला. आपल्या संस्कृतात 'मणिबंध', जिथे मणी बांधतात ते ठिकाण. तोच चार बोटांचा सांधा : कुणाला तिथे नाडी दिसली, कुणाला मूठ, कुणाला दागिना, आणि स्पॅनिश माणसाला उंचवटा.

शिवाय शब्द वापरात असला की पुढेही वाढतो. अर्जेंटिना, उरुग्वे, पेरू या बाजूला एखाद्याला 'मुन्येका आहे' म्हणतात तेव्हा मनगटही अभिप्रेत नसतं आणि बाहुलीही. अवघड प्रसंग हळुवार हाताळण्याचं, माणसं सांभाळून काम करवून घेण्याचं कसब असा त्याचा अर्थ होतो. मुरब्बी राजकारण्याबद्दल हे हमखास बोललं जातं. मराठीत मनगटाचा सूर वेगळा आहे. आपल्याकडे मनगटात रग असते, मनगटाच्या जोरावर माणूस उभा राहतो, आणि तो जोर दुसऱ्यावर चालवला की मनगटशाही होते. अर्जेंटिनाच्या मनगटातली नजाकत आपल्याला भेटते ती क्रिकेटमध्ये, मनगटी फिरकीत. चेंडू जोराने नाही, मनगटाच्या हलक्या वळणाने फिरतो.

आपल्या अंगावरचे असे शब्द

स्पॅनिशचं नवल करताना आपल्याच अंगाकडे बघायचं राहून जातं. कानाला पडदा आहे, छातीला पिंजरा आहे, गुडघ्याच्या वाटीचं आधी आलंच. मला सर्वात आवडणारा शब्द पोटरी. पायाची पोटरी सगळ्यांना माहीत आहे. पण शेतकरी 'ज्वारी पोटरीला आली' म्हणतो तेव्हा कणीस पानांच्या आवरणात फुगलेलं असतं, बाहेर पडायच्या बेतात. पाय आणि ज्वारीचं ताट शेजारी ठेवून बघा, तो फुगवटा एकच आहे.

उसाच्या कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला आपण डोळा म्हणतो. लागवडीसाठी कांडी निवडताना डोळे शाबूत आहेत ना ते बघतात. आपण शरीराचा शब्द झाडाला दिला. स्पॅनिशने उलट केलं. त्यांचा 'येमा' हा शब्द मुळात झाडाच्या डोळ्याचा, कोवळ्या कोंबाचा. त्यावरून अंड्यातला पिवळा बलकही येमा झाला, आणि बोटाचं टोक, तो मऊ गुबगुबीत भाग, त्यालाही 'बोटाची येमा' म्हणतात. माणसाच्या बोटाला कोंब फुटावा तशी ही कल्पना मला विलक्षण लोभस वाटते.

निरोपातला दुसरा शब्द

शाळेच्या त्या वाक्यात दोन अर्थांचा आणखी एक शब्द होता, आणि ॲपला त्याने अजिबात त्रास दिला नाही. निन्या. निन्या म्हणजे मुलगी. पण स्पॅनिशमध्ये डोळ्याच्या मधोमध असलेल्या काळ्या गोल छिद्रालाही निन्याच म्हणतात, डोळ्यातली मुलगी. आणि मराठीत आपण त्या छिद्राला काय म्हणतो? बाहुली.

म्हणजे मुन्येकाला मराठीत प्रतिशब्द म्हणून जो शब्द आपण सहज वापरला, तो स्वतःच मुन्येकासारखा आहे. एक अर्थ शरीराचा, एक खेळण्याचा. आयुष्यभर 'डोळ्यातली बाहुली' म्हणताना मला ते जाणवलं नव्हतं. ते जाणवायला स्पॅनिशची फेरी मारून यावं लागलं.

इथे तर नुसती दोन भाषांची गोष्टही नाही. संस्कृतात डोळ्यातल्या बाहुलीला 'कनीनिका' म्हणतात, हा शब्द कन्येच्या कुळातला. प्राचीन ग्रीकमध्ये 'कोरे' म्हणजे मुलगी आणि डोळ्यातली बाहुली. लॅटिनमध्ये 'पुपिल्ला' म्हणजे लहान मुलगी, ते 'पुपा' म्हणजे बाहुली या शब्दाचं लाडिक रूप. इंग्रजी डॉक्टरांचा 'प्युपिल' तिथूनच आला. हिंदीत पुतली. हिब्रूत मात्र डोळ्यात मुलगी नसून छोटा माणूस राहतो, आणि अरबीत नुसता माणूस. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, त्यामागे कारण शब्दांचं नाही, प्रकाशाचं आहे.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग बाहेरच्या अंगाला फुगीर असतो, त्यामुळे तो बहिर्वक्र आरशासारखं काम करतो. अशा आरशात प्रतिमा सुलट पण अगदी छोटी पडते. मागे बाहुलीचा काळोख असल्याने ती नीट उठून दिसते. हिशेब करून पाहिला : या भागाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते, त्यामुळे ३० सेंटिमीटर अंतरावरून बघणाऱ्याचा २० सेंटिमीटरचा चेहरा तिथे जेमतेम अडीच मिलिमीटरचा उमटतो. बाहुलीच्या गोलात पुरेपूर मावेल एवढा.

उजेडात कुणाला तरी जवळ बसवून त्याच्या डोळ्यात बघा. खांद्यासकट एक इवलीशी आकृती तिथे उभी दिसेल. ती तुम्हीच आहात.